सदानं न टाकलेला बार

"दगडूभाऊ, माईक खाली ठिवा! आजच्या दिवशी तरी थापा नकोत!"

असा ओरडत होता तुझा किसना, सदा. तुझा सख्खा धाकटा भाऊ. नुकतंच डोकं भादरलेलं, खांद्यावर ओला पंचा, आणि आवाज असा की घाटावरचे कावळे उठले ते थेट लोहगडाच्या बुरुजावर जाऊन टेकले असतील.

इंद्रायणीच्या घाटावर तुझा दहावा होता. माणसं इतकी की नदीला वाट काढत पुढं जावं लागत होतं. मी माईकवर एक वाक्यसुद्धा पुरतं बोललो नव्हतो. "लोहगडाच्या रानात सदानं बार का टाकला नाही, ते आज मी..." एवढं म्हणालो आणि भडका उडाला. माजी सरपंचांनी माझ्या हातातून माईक असा अलगद काढून घेतला, जशी रांगत्या पोराच्या हातातून कात्री काढून घेतात. मग मला खुर्ची आली, पाणी आलं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवला. भाऊंना दुःख अनावर झालंय, असं माईकवरून जाहीर करण्यात आलं.

दुःख कसलं अनावर? राग आला होता मला. सरपंचाचा आला होता, किसनाचा आला होता, आणि त्या दोन्ही रागांची बेरीज केली तर तिच्या दुप्पट तुझा आला होता.

मी उगाच उठलो नव्हतो, तेवढं ऐकून घे. श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. प्रत्येक जण तुझ्या शांत स्वभावावर बोलत होता, कारण दुसरं काही बोलायचं तर रान आलं असतं, आणि रान आलं की ती गोष्ट आली असती. सरपंचांना मात्र राहवलं नाही. दात दाखवत म्हणाले, "आमच्या सदाभाऊंची बंदूक म्हंजी नवी नवरी. रोज त्याल, रोज पुसापुशी, पर घराच्या भाईर काढायची न्हाई." आणि मांडव हसला. मी आजवर पुष्कळ दहावे पाहिलेत. एकदा तर मेलेलाच मागच्या रांगेत बसून स्वतःची भाषणं ऐकत होता, खोटं वाटलं तर सोड. पण दहाव्याला अख्खा मांडव हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. आणि पहिलं हसू कुणाचं होतं माहितेय? किसनाचं.

म्हणून मी उठलो.

आता तुला हे सगळं सांगायची गरज नाही. पण तुझ्या निमित्तानं चार लोक हे वाचतील, त्यांना कळायला हवं. शिकार म्हटली की वन खात्याचे कान उभे राहतात, तेव्हा आधीच सांगून टाकतो. आमच्या बंदुका पीकराखणीच्या परवान्याच्या. भाताच्या खाचरात रानडुकरं रात्रीतून गावजेवण घालून जायची, त्यांच्यासाठी. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायची, आणि आपल्याकडं निवडणूक कधी नसते? बंदुकांनी ठाण्यात माहेर मांडलं. डबे बडवत जनावर हाकून बंदुकांसमोर काढायचं, ते हाके तर कधीच बंद पडले. मागं उरल्या त्या कुसगावच्या टपरीवरच्या गप्पा. कुणाची नळी गंजली, कुणाचा घोडा अडकतो, कुठल्या बुटाचा आवाज होतो, जळवांना काय लावायचं. रान संपलं आणि रानाबद्दलचे सल्ले मात्र दर पावसाळ्यात दुप्पट उगवत गेले.

त्या टपरीचा एक कायदा होता. रानातली गोष्ट सांगायची, तर त्या रानात तुमच्याबरोबर असलेला एक माणूस बाकावर हजर पाहिजे. गोष्ट संपली की त्यानं "हूं" म्हणायचं. हूं आला की गोष्ट खरी. नाही आला, तर बाकावरचे सगळे आपापले चहाचे ग्लास पालथे घालणार, आणि मग ती गोष्ट टपरीवर पुन्हा कधी काढायची नाही. जन्मठेप.

माझा हूं तू होतास.

काय काय पचवलंस रे तू त्या एका हूंमध्ये! लोणावळ्याचं धुकं इतकं दाट की मी बंदुकीचा पट्टा धुक्याला अडकवला, दोन्ही हातांनी निवांत तंबाखू मळली आणि पुन्हा बंदूक काढून घेतली. हूं. मी मारलेलं डुक्कर बैलगाडीतून नेताना सोमाटण्याच्या टोलनाक्यावर ट्रक समजून त्याची पावती फाडली. हूं. आठवडाभर पाऊस लागून बंदुकीच्या नळीत पाणी साचलं, पाण्यात खेकडा राहायला आला, मी बार टाकला तसा खेकडा सुटला आणि त्यानं डुकराचा कान असा पकडला की डुक्कर माझ्याकडंच तक्रार घेऊन आलं. त्या दिवशी तू चहाचा घोट घेतलास, मिशी पुसलीस, लांब बघितलंस. बाक श्वास धरून होता. मग म्हणालास, हूं.

तू स्वतः मात्र आयुष्यात एक बोटभर वाढवून सांगितलं नाहीस. अडीच हाताचं जनावर तू अडीच हातच सांगायचास, वर "शेपूट धरून" असंही जोडायचास. म्हणून तर तुझ्या हूंला वजन होतं. तुझ्या खरेपणावर मी इतकी वर्षं खोटं खपवलं. असा माल आणि असं दुकान पुन्हा मिळायचं नाही.

सल्ले द्यावेत तर तूच. बंदुकीला खोबरेल लावणाऱ्याला तू पुढच्या हिवाळ्यात थिजलेली नळी दाखवायचास. शिलाई मशीनचं तेल लाव म्हणायचास, तेही चिंधीला, नळीला नाही. ठासणीची बंदूक भरलेली आहे का रिकामी, हे नळीत गज सोडून बघायचं. गज नेहमीपेक्षा चार बोटं वर राहिला की आत दारू आहे, आणि जो न बघता वरून दुसऱ्यांदा ठासतो त्याच्या बायकोला आधीच सांगून ठेवावं, असं तू गंभीर तोंडानं सांगायचास. राखणीला जाताना वासाचा साबण नको. वारा तोंडावर घेऊन बसायचं. टायरच्या चपला बऱ्या, हे तुझं. बूटच पाहिजे, हे माझं. तो वाद आपला सुटला नाहीच.

आणि दुसरा वाद डोळ्यांचा. मी डावा डोळा मिटून नेम धरणारा. तू दोन्ही डोळे उघडे ठेवणारा. एक डोळा मिटला की निम्मं रान मिटतं, म्हणायचास. मी म्हणायचो, निम्म्या रानाशी मला काय करायचंय, मला डुक्कर पाहिजे. मग तू तुझं ते वाक्य काढायचास, जे बंगलेवाले मुंबईकरसुद्धा मोबाईलवर लिहून घ्यायचे:

"डुकराकडं बगू नगा. डुकराच्या मागं बगा."

आणि तू टपरीवरून उठलास की मागं कुणीतरी म्हणायचंच, मागं बघता बघताच तर गेलं की ह्यांचं डुक्कर. ग्लास तोंडाला लावून सगळे हसायचे. तुझ्याच सल्ल्यानं पुसलेल्या बंदुका घरी ठेवून आलेली माणसं ती.

तो दिवस आता पुन्हा सांगतो. वाढवून नाही. ह्या एका गोष्टीला मी आजवर फोडणी दिलेली नाही.

भाताची कापणी झाली होती. लोहगडवाडीच्या खालच्या अंगाच्या रानात एक मोठा सुळेवाला शिरला होता, पाठीवर उभे केस, आणि त्यानं दोन वाड्यांची खाचरं उलथून टाकली होती. आबा म्हणजे आपले हाक्याचे म्होरके. त्यांनी बंदुका वाटून बसवल्या. एकेकाची बसायची जागा ठरलेली, तिला आपल्यात नाका म्हणतात. तू मधल्या नाक्यावर. मी तुझ्या उजवीकडं, वर खडकावर. किसना डावीकडं, सगळ्यांत तरणी बंदूक, लग्न होऊन पहिलीच दिवाळी. शिट्टी वाजेपर्यंत नाका सोडायचा नाही. लघवीलासुद्धा उठायचं नाही. नाका सोडणं ह्यापेक्षा मोठा गुन्हा आपल्यात नव्हता, कारण सुटलेला माणूस आणि उठलेलं जनावर रानात सारखंच सळसळतं.

वरून हाकेवाले डबे वाजवत उतरले. सुळेवाला नाल्यातून निघाला आणि नेमका तुझ्यासमोर उघड्यावर येऊन थांबला. आडवा. असा उभा की फोटो काढायला आल्यागत. वरून हाकेवाल्यांना तेवढा तोच दिसत होता. टाक, सदा, टाक, असा एकच गलका. तू बंदूक खांद्याला लावलीस. मी पाहिलं, तुझे दोन्ही डोळे उघडे.

मी उंचावर होतो, म्हणून तुझ्या नळीची रेघ मला पुढंपर्यंत दिसत होती. रेघेवर डुक्कर. डुकराच्या मागं, ढेकूळ फेकलं तर पोचेल एवढ्यावर, करवंदाची जाळी. आणि जाळीत किसनाचा निळा सदरा. वाकलेला, आपल्याकडं पाठ करून. कशाला आला होता तिथं, देव जाणे. तुझ्या नळीत मोठे छर्रे होते. ते काही सगळेच्या सगळे जनावरात थांबत नाहीत. उरलेले मागं पसरतात, आणि मागं कोण आहे ते विचारत नाहीत.

तू नळी खाली केलीस.

सुळेवाल्यानं तुझ्याकडं पाहिलं, आणि सावकाश, सासुरवाडीहून निघाल्यासारखा, खाली भाजे गावाच्या अंगाला उतरून गेला. हाकेवाले खाली पोचेपर्यंत किसना आपल्या नाक्यावर परत खांबासारखा उभा. जाळीतला निळा सदरा दोनच माणसांनी पाहिला होता. तू आणि मी.

आबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "का रं सदा, का न्हाई टाकला?"

तू किसनाकडं बघितलंस. एकदाच. मग म्हणालास, "हात गारठला, आबा."

आपल्यात रीत होती. बंदुकीसमोरून जनावर जिवंत गेलं आणि बार निघाला नाही, तर त्या बंदुकीचा वाटा बंद, आणि पुढच्या हाक्यापासून त्या माणसानं कुत्र्यांची दोरी धरायची. दोरी हातात द्यायची ती सगळ्यांत तरण्या बंदुकीनं. किसनानं दिली. हसत दिली, आणि वर म्हणाला, "दादा, आता हात गरम ऱ्हाईल." मी खडकावरून उतरलो होतो, तुझ्या शेजारी उभा होतो. माझ्या जिभेवर शब्द आला होता. तू दोरी मनगटाला गुंडाळत माझ्या पायावर पाय दिलास. टायरच्या चपलेचा. आवाज झाला नाही.

परतताना पायवाटेवर मला मागं ठेवलंस आणि बोललास. तुझ्या तोंडून एका दमात एवढं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "किसना माझ्या ताटात जेवतो, दगडू. आई गेल्यापास्नं. त्याला कळलं, की माझी नळी त्याच्यावर व्हती, तर उद्यापास्नं त्याला घास उतरायचा न्हाई. माझ्या हातात काठी बघितली तरी त्याला बंदूक दिसंल. तू सांगायचं न्हाईस."

मी बरं म्हणालो. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्यानं बरं म्हटलं आणि पाळलंही, सदा. गावात शंभर भानगडी मी फोडल्या, त्यातल्या साठ तर घडायच्या आधी फोडल्या. ही एक धरून ठेवली. रातांधळा झालो असतो, मुका झालो असतो, तरी इतका त्रास झाला नसता.

कारण तू सुटलास, पण मला रोज ऐकावं लागायचं. तुला सदा दोरी म्हणायला लागले. आधी मागून, मग तोंडावर. शांतावहिनी पिठाच्या गिरणीत गेल्या तर दोरीवाल्यांचा डबा कुठला, असं विचारायचे. आणि किसना! पाहुणे आले की त्याचं ठरलेलं होतं, आमचे दादा बंदुकीला तेल लावत्यात, आमी डुकराला मीठ. तू भाकरी मोडत असायचास. त्याच्याच ताटाला ताट लावून. ज्याच्यासाठी तू तुझं नाव मातीत घातलंस, तोच त्या मातीवर उभा राहून तुला हसत होता. आणि मी, अख्ख्या मावळातला नंबर एकचा बोलका माणूस, तोंडात भाकरीचा तुकडा कोंबून गप्प.

मागच्या वर्षी मला झेपलं नाही.

टपरीवर तो बंगल्याचा साहेब आला होता, झाडाच्या पानांचं चित्र असलेलं जाकीट घालून. जाकीट एवढं जोरदार की टपरीवाल्याला तो दिसेचना, चहा दोनदा शेजाऱ्याला दिला. एअरगनवर दुर्बीण कशी बसवायची, हे तू त्याला तासभर समजावून सांगितलंस. मग त्यानं साध्या मनानं विचारलं, काका, तुम्ही स्वतः किती मारली? कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "त्यांनी मारली न्हाईत सायेब, सोडली." बाक हसला. तूसुद्धा हसलास. ते तुझं हसणं मला सोसलं नाही.

किसना त्या दिवशी जीपच्या कामाला सोमाटण्याला गेला होता. मी पाहून घेतलं होतं. मी उठून गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो की डुकराच्या मागं जाळीत माणूस होता, सदानं पाहिला, मी पाहिला, म्हणून बार निघाला नाही. एकही शब्द वरचा घातला नाही. कदाचित तिथंच चुकलं. माझ्या तोंडून निघालेली गोष्ट आणि तिच्यात ना खेकडा ना टोलनाका, लोकांना ती आजारीच वाटली असणार.

सगळा बाक तुझ्याकडं वळला. एक हूं हवा होता, सदा. खेकड्याला दिलास तेवढाच. टोलनाक्याला दिलास तेवढाच.

तू ग्लासात बघत म्हणालास, "कुनी न्हवतं. भ्यालो मी."

एकेक ग्लास पालथा झाला. साहेबानं इतरांचं बघून आपला पण घातला, त्यात अर्धा चहा होता, तो सगळा त्याच्या विजारीवर. कुणी हसलं नाही. सगळ्यांत शेवटी तू तुझा ग्लास पालथा घातलास.

रस्त्यावर मी तुला गाठलं. तू म्हणालास, नाव नाही घेतलंस, पण बाकावर डोकी आहेत, ती घरी जाऊन जुळवत बसतील कोण कुठल्या नाक्यावर होतं ते. मी म्हणालो, जुळवू देत. किसनाला आता नातवंडं झालीत, त्याचा घास आता उतरतो का अडकतो, ह्याची तुला कसली काळजी? आणि तुझ्या नावाचं काय? तू म्हणालास, माझं आता राहिलंय किती. मग मी जे बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, लोक म्हणतात तू भित्रा आहेस, ते खोटं. तू चोर आहेस. माझ्याकडं आयुष्यात एकच खरी गोष्ट होती, ती तू चोरलीस.

तू नुसता चालत राहिलास. तुझ्या चपलेचा आवाज येत नव्हता, त्याचाही मला राग आला.

त्यानंतर मी टपरी सोडली. तुझं दुखणं कानावर आलं तेव्हा दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो, तिसऱ्यांदा आत आलो. मनात सगळी तयारी करून. वहिनी बाहेर असतील, खोलीत तू एकटा असशील, मला तुला म्हणायचं होतं, आता तरी सोड मला त्या शब्दातून. आत पाहिलं तर किसना उशाशी बसून तुला पेज भरवत होता. चमच्यानं. प्रत्येक चमच्याआधी फुंकर घालत होता. पेज तुझ्या हनुवटीवर सांडली ती त्यानं स्वतःच्या सदऱ्यानं पुसली. तू माझ्याकडं बघितलंस. पायावर पाय द्यायची ताकद राहिली नव्हती, म्हणून नुसतं बघितलंस.

मी मुकाट्यानं स्टूल ओढलं आणि म्हणालो, सदा, तो नळीतला खेकडा परवा भेटला. म्हातारा झालाय. पवनेच्या धरणावर बसून येणाऱ्या पर्यटकांना सांगतो, डुकराचा कान कसा पकडला ते. तुझी चौकशी करत होता.

किसना म्हणाला, भाऊ, इथं तरी नको. तू डोळे मिटलेस. मग आतून, छातीतल्या घरघरीतून, आला. हूं.

तो शेवटचा. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि त्याच्याच बद्दल तुला कधी माफ करणार नाही. खेकड्याला मरतानासुद्धा साक्ष दिलीस. तुझ्यासाठी मागितली ती नाही दिलीस. बरं, आता तू नाहीस म्हणजे माझं धुकंही गेलं, टोलनाकाही गेला. माझ्या सगळ्या गोष्टी एका दिवसात खोट्या झाल्या, आणि जी खरी होती ती तर तू तुझ्या हातानं पालथी घालून ठेवलीस. तुझा पोरगा तुझी बंदूक ठाण्यात जमा करून आला. नळी आरशासारखी होती म्हणे. तिथल्या शिपायानं विचारलं, ही वापरलीच नाही काय कधी?

दहाव्याला कावळा पहिल्या हाकेला शिवला. लोक म्हणाले, सदाभाऊंचं काही राहिलं नव्हतं. नसेल. माझं राहिलं होतं. तू मला सांगायचं नाही म्हणाला होतास, आणि माईकवर मी ते मोडायला निघालो होतो, हे खरं. किसनानंच ओरडून तुझा शब्द वाचवला, हे त्याला कुणी सांगायचं?

जेवणं उरकली. मांडव सुटत होता. किसना एकटाच टेम्पोत खुर्च्या चढवत होता. भादरलेल्या डोक्यावर ऊन लागत होतं, पण पंचा बांधायचंही त्याला सुचलं नव्हतं. मी जाऊन दोन खुर्च्या उचलून दिल्या. तो म्हणाला, मघाशी ओरडलो त्याचं मनावर घेऊ नका भाऊ, पण दादांची चेष्टा झाली होती तेवढी पुरे होती. म्हणजे हसला होता तो, पण त्याला ते लागलंही होतं. हे मला मांडवात दिसलं नव्हतं. एक डोळा मिटून बघायची सवय, दुसरं काय.

मी आणखी दोन खुर्च्या दिल्या. मग विचार केला, सांगायचं नाही असं तू म्हणाला होतास. विचारायचं नाही असं काही म्हणाला नव्हतास.

म्हणालो, "किसना, एकच सांग. लोहगडाच्या त्या हाक्याला, सुळेवाला निघाला तवा, तू तुझ्या नाक्यावर होतास का?"

त्यानं हातातली खुर्ची टेम्पोत सारली. मागं वळून बघितलंही नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "खालच्या जाळीत मधाचं पोळं दिसलं व्हतं, तिकडं गेलतो. आता काय त्याचं?"